भरतभूमीचें दक्षिण टोंक

‘आसेतुहिमाचल’ हा शब्द आपल्या कानांस इतका परिचित आहे, कीं सेतूपाशीं किंवा फार तर कन्याकुमारीपाशीं भारत संपला, असें आपण सहज धरून चालतों. शाळेंत भूगोल शिकवितांना आम्हांस विद्यार्थ्यांकडून बहुधा हेंच उत्तर मिळे. मुख्य भूमीपुरतें तें खरेंही आहे. परंतु कन्याकुमारी सुमारें ८ अंश ४ कला उत्तर अक्षांशावर असून, ग्रेट निकोबार बेटाचें दक्षिण टोंक ६ अंश ४५ कलांवर आहे. म्हणजे सुमारें १४५ किलोमीटर अधिक दक्षिणेस. सुमात्रेजवळचें रोंडो बेट तेथून अवघें १६० किलोमीटरांच्या आसपास.

या टोंकास पूर्वीं पिग्मॅलियन पॉइंट म्हणत. १९७२ सालीं येथें दीपगृह सुरू झालें. १९८४ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्यास भेट दिली, व १९८५ सालीं त्यांच्या स्मरणार्थ ‘इंदिरा पॉइंट’ हें नांव देण्यांत आलें. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांस हा दीप मार्ग दाखवितो. हा जलमार्ग आपल्या पूर्वजांसही अपरिचित नव्हता. राजेंद्र चोलाच्या तंजावर येथील शिलालेखांत ‘नक्कवारम्’ म्हणून या बेटांचा उल्लेख आहे.

अमरकोशांत पृथ्वीस ‘अचला’ व ‘स्थिरा’ अशीं नांवें दिलेलीं आहेत. तीं किती सापेक्ष आहेत, हें या टोंकानें दाखविलें. येथें भारताकडील भूपट्ट पूर्वेकडील पट्टाखालीं हळूहळू सरकत असतो. दोहोंच्या सांध्यांत शतकानुशतकें सांचलेला ताण २६ डिसेंबर २००४ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास एकाएकीं सुटला. सुमात्रेपासून अंदमानापर्यंत बाराशेंहून अधिक किलोमीटर लांबीचा भेग पडली. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला, आणि इंदिरा पॉइंट सुमारें सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट, खालीं खचलें. जेथें कोरडी जमीन होती तेथें समुद्र आला. पाठोपाठ आलेल्या लाटांनीं दीपगृहाभोंवतालच्या वस्तींतील अनेकांचे प्राण घेतले. जिला स्थिरा म्हणावें ती भूमि बुडाली. मनुष्यानें उभारलेला स्तंभ मात्र पाण्यांत उभा राहिला, आणि पुढें दुरुस्त होऊन त्याचा दिवा पुनः लागला.

या बेटाच्या अंतर्भागांतील अरण्यांत शोंपेन लोक राहतात. किनाऱ्यावरील निकोबारी कुटुंबांस मात्र त्या प्रलयानंतर आपलीं गांवें सोडून कॅम्पबेल बे नजीकच्या वसाहतींत यावें लागलें. वडिलार्जित भूमीकडे परत जाऊं द्यावें, अशी मागणी त्यांनीं केलेली आहे. ज्यांच्या पायांखालची जमीनच समुद्रानें नेली, त्यांचें सुखदुःख पुण्या-मुंबईच्या माणसास सहसा ठाऊक नसतें. याचें एक कारण असें, कीं आपल्या मनांतला देश कन्याकुमारीपाशींच थांबलेला असतो.

तेव्हां वाचकांस आमची एवढीच विनंति, कीं घरांतील मुलांपुढें नकाशा मांडाल त्या वेळीं बोट कन्याकुमारीवर थांबवूं नये. उपसागर ओलांडून तें त्या बारीकशा ठिपक्यापर्यंत न्यावें, आणि तेथें एक दीप आहे व माणसेंही आहेत, हें त्यांस सांगावें.