राहुरी कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे

इगतपुरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. तथापि दोन्ही ठिकाणे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या १० जिल्ह्यांच्या कार्यक्षेत्रातच येतात. अशा विविध प्रदेशास एकाच प्रक्षेत्रावरील प्रयोग पुरे पडणे शक्य नाही. संशोधन केंद्रांचे जाळे आवश्यक ठरते ते यासाठीच.

विद्यापीठाची स्थापना १९६८ सालची. परंतु काही केंद्रे त्याहून जुनी आहेत. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली, तर सोलापूरचे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. को ८६०३२ हा उसाचा वाण पाडेगावी पारखला गेला व १९९६ साली ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाला.

कोरडवाहू भागात जमिनीची खोली निर्णायक असते. हलक्या जमिनीत ओलावा लवकर संपतो. तेथे उशिरा पक्व होणारा वाण कणसात दाणा भरण्यापूर्वीच वाळू लागतो. म्हणून रब्बी ज्वारीकरिता हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा व भारी जमिनीस फुले वसुधा अशी निरनिराळी शिफारस केलेली आहे.

शेतकरी बंधूंनी शेजाऱ्याचे पीक पाहून बियाणे निवडू नये. प्रथम आपल्या जमिनीची खोली पाहावी, मग जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा आणि आलेला अनुभव तेथे अवश्य कळवावा. पुढील प्रयोगांची दिशा त्यावरूनच ठरते.