परदेश पाहून आलेल्या राजाचं मैदान

कोल्हापुरात उतरलेला पाहुणा आधी अंबाबाईच्या देवळात जातो, मग रंकाळ्यावर, वेळ उरला तर पन्हाळ्याला, आणि मध्ये कुठंतरी तांबडा-पांढरा रस्सा. हा क्रम आता पक्का ठरलेला आहे. परदेशातून सुट्टीला आलेली आम्ही कोल्हापूरची माणसंसुद्धा मुलांना घेऊन याच वाटेनं फिरतो आणि गाव दाखवून झालं म्हणतो. माझा आग्रह वेगळा आहे. देवळातून निघून भवानी मंडप ओलांडला की पायी काही मिनिटांवर खासबाग लागते. एका अंगाला केशवराव भोसले नाट्यगृह आणि त्याच्या पाठीला पाठ लावून कुस्तीचं मैदान. गाव समजून घ्यायचं तर आधी इथं यावं. बाहेर राहून परतणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण या जागेचं मूळच एका परदेशवारीत असल्याचं सांगतात.

त्याआधीची एक परदेशवारी सांगायला हवी. लग्नानंतर मी इटलीत राहायला गेले, तेव्हा फ्लॉरेन्सच्या कॅशिने बागेत कोल्हापूरच्या राजाची छत्री आहे हे ऐकून माहीत होतं. बाग नदीकाठानं लांबच लांब पसरली आहे. अगदी टोकाला, मुन्योने ओढा आर्नो नदीला मिळतो तिथं, आपल्याकडच्या घाटावर शोभेल अशी छत्री उभी आहे. आत फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे छत्रपती राजाराम महाराज. 1870 साली ते इंग्लंड पाहायला गेले आणि परतीच्या वाटेवर, 30 नोव्हेंबरला, फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तिथल्या नगरपालिकेच्या खास परवानगीनं त्या संगमावर रात्री त्यांना अग्नी दिला गेला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, आणि कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटनी रेखाटला. जवळून जाणाऱ्या आधुनिक पुलालाही तिथले लोक याच भारतीय माणसाच्या नावानं ओळखतात. पुतळ्यासमोर उभी राहिले तेव्हा मला राजेपणाचं काही वाटलं नाही. घरी निघालेलं आपल्या गावचं एक पोर वाटेतच राहिलं, एवढंच मनात आलं आणि भडभडून आलं.

त्यांच्या नावानं कोल्हापुरात राजाराम कॉलेज निघालं. भवानी मंडपातली त्याची जुनी इमारत अजून आहे. तिथं आता शाळा भरते. खासबागेकडे जाताना ती वाटेतच दिसते.

राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी, 1902 मध्ये, कोल्हापूरचे छत्रपती राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. केंब्रिजनं त्यांना सन्माननीय एलएल.डी. दिली. ते तिकडे असतानाच, 26 जुलैला, मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवण्याचा हुकूम करवीर संस्थानच्या गॅझेटात निघाला. या प्रवासात रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात खुल्या मैदानाची कल्पना आली, असं कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. खासबागेचं मैदान 1912 मध्ये तयार झालं.

मैदानात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उतार. मधोमध हौदा, आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली जमीन. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. कुस्ती तळाशी आणि माणसं तिच्याभोवती वर वर गोलाकार. गरीब माणूस कडेच्या शेवटच्या जागेवर बसला तरी त्याला पैलवानाची पकड स्वच्छ दिसते. शाहू महाराजांचं मोठेपण मला या उतारात दिसतं. जग बघून आलेल्या राजानं स्वतःसाठी आणखी एखादा महाल उठवला असता तर कुणी नवल केलं नसतं. त्यानं शेवटच्या माणसालाही नीट दिसेल अशी जागा बांधली.

रोमचं कलोसियम मीही पाहिलं आहे. तिथं तिकीट काढून भिंती पाहायच्या असतात. खासबागेत अजून कुस्त्या लागतात.

या खेपेला गेले तेव्हा कुस्त्यांचं मैदान भरलेलं नव्हतं, पण हौद्यात एक वयस्क गृहस्थ फावड्यानं माती वरखाली करत होते. मी काठावर उभी राहिलेली पाहून म्हणाले, “उभ्या का ताई? बसा की.” मग स्वतःहून मातीचं सांगायला लागले. नुसती लाल माती टाकून भागत नाही. ती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचं आणि मुरू द्यायची. “मऊ पायजे, पण भुसभुशीत नको. पोरगं पडलं तर लागाय नको, आणि उठताना पाय रुतायबी नको.” त्यांनी एक मूठ माझ्या हातावर ठेवली. गार, किंचित तेलकट, कापराच्या वासाची. माझ्या लहानपणी या उतारावर बायका-मुली बसत नसत. आता जिल्ह्यातल्या कितीतरी मुली कुस्तीचा पोशाख चढवून आखाड्यात उतरतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

कुस्ती आणि परदेश यांचं नातं याच गावात आणखी एकदा जुळलं. खाशाबा जाधव मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. 1952 ला हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पैसे कमी पडले, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या धरून त्यांनी ते कर्ज फेडलं.

मैदानाला लागून शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात नाट्यगृह उभं केलं. त्याचं तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षागृहात मध्ये खांब नव्हते, म्हणजे मागच्या रांगेचा विचार इथंही झालाच. पुढं त्याला केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. 1890 मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या गायक नटानं ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. जुलै 1921 मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’ नाटकात ते धैर्यधराच्या आणि बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते. तीनच महिन्यांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही तिकडे परदेशात मोबाइलवर ते पाहत होतो. ज्या छपराखाली पहिलं नाटक पाहिलं ते डोळ्यांदेखत कोसळत होतं आणि आपण हजारो मैलांवर. मैदानाच्या बाजूचं व्यासपीठही आगीत गेलं. समोरची दगडी भिंत तेवढी राहिली. कलाकार रस्त्यावर उभे राहून रडले, त्यांच्या शेजारी ज्यांनी कधी नाटकात काम केलं नाही अशीही माणसं होती. पुन्हा जसंच्या तसं उभारा, ही मागणी त्या गर्दीतूनच आली. मी पाहिलं तेव्हा काम चालू होतं: बांबूचे आणि लोखंडी पहाड, आतून ठोकाठोकीचा आवाज, बाहेर येणारा-जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून आत डोकावणारा.

संध्याकाळी तिथून गंगावेशीला गेले. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, समोरच धार काढून फेसासकट पेला हातात देत होते. तालमीतली पोरं दोन-दोन पेले रिचवून निघून जात होती. रंकाळ्यावर गर्दी होती, तिथं फार थांबले नाही.

कोल्हापूरबाहेर गेलेल्या माझ्या गाववाल्यांना एवढंच सांगायचं आहे. सुट्टी ठरवताना खासबागेत कुस्तीचं मैदान कधी आहे ते घरी फोन करून विचारा आणि मुलांना त्या उतारावर नेऊन बसवा. नाट्यगृहाचा पडदा पुन्हा वर जाईल तेव्हा मोफत पासाची वाट पाहू नका. तिकीट काढून जा आणि आई-वडिलांना सोबत घ्या.