दडपणात कोण टिकतो?

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि पहिल्या तासाभरातच विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली. समोर पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला केरळचा संघ. खेळपट्टीवर होते पहिलाच रणजी हंगाम खेळणारा २१ वर्षांचा दानिश मालेवार आणि कसोटीत त्रिशतक ठोकूनही भारतीय संघाबाहेर राहिलेला करुण नायर. दोघांनी २१५ धावा जोडल्या. नायर ८६ वर धावबाद झाला, दानिशने १५३ केल्या.

आता हिशोब करा. ५ बाद ४०० अशी धावसंख्या असताना काढलेल्या १५३ आणि ३ बाद २४ असताना काढलेल्या १५३ सरासरीच्या रकान्यात अगदी सारख्याच बसतात. खेळ पाहणाऱ्याला मात्र त्यांतला फरक माहीत असतो. म्हणून फलंदाज जोखताना त्याने किती धावा केल्या याआधी तो मैदानात आला तेव्हा फलकावर काय होते, हे विचारावे. त्याच खेळपट्टीवर इतरांचे काय झाले, हेही पाहावे. बाकीचे तिघे-चौघे शतके ठोकत असतील, तर आपल्या लाडक्या खेळाडूच्या शतकाचा भाव थोडा उतरवायला हवा.

पण इथे एक धोका आहे. एका सामन्यावरून माणसाचा स्वभाव ठरवण्याची आपल्याला फार घाई असते. गल्लीतला मुलगा दोन महत्त्वाच्या सामन्यांत लवकर बाद झाला की घरातलेच म्हणतात, ‘याला प्रेशर झेपत नाही.’ हा शिक्का बसला की मुलगा स्वतःच तो खरा मानू लागतो, आणि मग निवड चाचणीला जायलाही कचरतो.

अशा वेळी चेतेश्वर पुजाराचे उदाहरण सांगावे. जानेवारी २०१९च्या अखेरीस बंगळुरूला उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध सौराष्ट्राला २७९ धावा हव्या होत्या आणि २३ धावांत ३ गडी गेले होते. पुजाराने नाबाद १३१ धावा करून सामना जिंकून दिला. त्याच्या थोडेच आधी ऑस्ट्रेलियात कसोटी मालिकेत त्याने ५२१ धावा केल्या होत्या. दडपणाचा याहून मोठा परीक्षार्थी कोण असणार? आणि आठवडाभरात तोच पुजारा जामठ्याला अंतिम सामन्यात १ आणि ० वर बाद झाला. दोन्ही वेळा गोलंदाज एकच, आपला आदित्य सरवटे. विदर्भाने तो सामना ७८ धावांनी जिंकला. आठ दिवसांत पुजाराची हिंमत संपली होती का? मुळीच नाही. समोरच्यानेही उत्तम गोलंदाजी केली, एवढेच. याच सरवटेने ११ बळी तर घेतलेच, शिवाय विदर्भाच्या दुसऱ्या डावातल्या २०० धावांपैकी ४९ त्याच्या होत्या. हे ४९ कोणाच्या लक्षात आहेत? अर्धशतकही नाही, म्हणून कुठल्याही यादीत नाहीत. माझ्या मते त्या सामन्यातल्या कितीतरी देखण्या खेळ्यांपेक्षा ते मोलाचे होते.

दुसरी गल्लत जामठ्यानेच शिकवली. १२ मार्च २०११, विश्वचषक, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सचिन तेंडुलकरने १११ धावा केल्या, भारत १ बाद २६७ वर होता. पुढचे ९ गडी अवघ्या २९ धावांत गेले. शेवटच्या षटकात आफ्रिकेला १३ हव्या होत्या आणि रॉबिन पीटरसनने दोन चेंडू राखून सामना संपवला. मग चहाच्या टपरीवर तेच जुने गाऱ्हाणे, सचिनचे शतक झाले की भारत हरतो! बाद झालेल्या माणसाने उरलेल्या नऊ जणांचीही फलंदाजी करायची का? संघाचा पराभव एकाच्या नावावर लिहिणे सोपे, पण तो न्याय नव्हे.

नशिबाचा वाटाही मोजावा लागतो. २०२५च्या त्याच अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात नायरचा झेल ३१ वर सुटला आणि त्याने १३५ केल्या. उलट केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर एक मोठा फटका मारायला गेला आणि बाद झाला. त्या एका फटक्याबद्दल त्याला खूप बोल लावले गेले. पण त्याआधी तासन्‌तास तोच केरळचा डाव सांभाळत होता, हे विसरून कसे चालेल?

सामना २ मार्चला अनिर्णित राहिला. आपल्याकडे त्या दिवशी पहिला रोजा होता, त्यामुळे अनेक घरांत निकाल इफ्तारच्या तयारीतच कळला. पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भ विजेता ठरला, ३७९ विरुद्ध ३४२, म्हणजे फक्त ३७ धावांनी. त्या ३७९ मध्ये ३२ धावा नचिकेत भुतेच्या होत्या. हा गडी मुळात गोलंदाज, अगदी तळाला खेळायला येणारा.