‘सो-कॉल्ड’ या विशेषणाची योजना

इंग्रजीतून प्रबंध लिहिणारा मराठी विद्यार्थी ‘तथाकथित’ या शब्दासाठी ‘सो-कॉल्ड’ हा प्रतिशब्द निःशंकपणे वापरतो. दोहोंची घडण एकच आहे. ‘तथा’ म्हणजे ‘सो’ आणि ‘कथित’ म्हणजे ‘कॉल्ड’. परंतु घडण एक म्हणून व्यवहार एक असे होत नाही.

मराठीत ‘तथाकथित विद्वान’ म्हटले की तो गृहस्थ विद्वान नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही. इंग्रजी विशेषणास मात्र दोन अर्थ आहेत : ‘या नावाने ओळखला जाणारा’ हा एक, व ‘या नावास अपात्र असलेला’ हा दुसरा. पहिला अर्थ निरुपद्रवी असून शास्त्रीय लेखनात नव्या संज्ञेचा परिचय करून देताना तो आढळतो. अडचण अशी की, लेखकाच्या मनात पहिला अर्थ असला तरी वाचक पुष्कळदा दुसरा घेतो.

‘दि सो-कॉल्ड रामन इफेक्ट’ ही शब्दरचना पाहावी. लिहिणाऱ्यास ‘रामन परिणाम या नावाने प्रसिद्ध असलेला’ एवढेच म्हणावयाचे असते. पण १९२८ साली रामन व कृष्णन यांनी कलकत्त्यास द्रवांमध्ये जे पाहिले, तेच त्याच वर्षी लान्ड्सबर्ग व मान्देल्श्ताम यांनी मॉस्कोत स्फटिकांमध्ये पाहिले होते, आणि रशियन ग्रंथांत या आविष्कारास रामन यांचे नाव न देता निराळी संज्ञा देण्याची प्रथा पडली. हा इतिहास जाणणाऱ्या परीक्षकास वाटेल की, प्रबंधकार रामन यांच्या श्रेयाविषयीच शंका घेत आहे. आणि तो त्याचे प्रमाण मागेल. संज्ञा रूढ असेल तेथे हे विशेषण सरळ गाळावे; परिचय करून देणे अगत्याचेच असेल तर ‘नोन ॲज’ पुरे.

नावच सदोष असेल तेथे मात्र हे विशेषण फार उपयोगी पडते. ‘दि सो-कॉल्ड ॲरेबिक न्यूमरल्स’ हा प्रयोग निर्दोष आहे, कारण ते अंक मूळचे भारतीय असून अरबांच्या द्वारा युरोपात गेले. येथे शंका नावाविषयी आहे, अंकांविषयी नव्हे. १८५७ च्या उठावास ‘म्यूटिनी’ म्हणणे ज्या इतिहासकारास मान्य नाही, तोही हे विशेषण हेतुपूर्वक योजू शकतो. मात्र आपला आक्षेप त्याने पुढे सिद्ध केला पाहिजे. केवळ विशेषणाने वाद जिंकण्याची खोड बऱ्याच प्रबंधांत दिसते, ती चांगली नव्हे.

लेखनपद्धतीविषयी थोडेसे. ‘सो-कॉल्ड’ नंतरच्या शब्दास पुन्हा अवतरणचिन्हे घालण्याचे कारण नाही. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या ग्रंथाचाही अभिप्राय तसाच आहे. संयोगचिन्ह नामापूर्वी येते. क्रियापदानंतर ते गळते, आणि त्याबरोबर उपहासाची छटाही जाते : ‘पंचवटी इज सो कॉल्ड बिकॉज ऑफ इट्स फाइव्ह बॅनियन ट्रीज.’