दूरजोडणीचे मॉड्यूल : बसवणी, केबल आणि निगा

उज्जैनला जाणारे महाराष्ट्रातील यात्रेकरू महाकालेश्वराचे दर्शन आटोपल्यावर बहुधा भैरवगढची वाट धरतात. क्षिप्रेच्या तीरावरील ही जुनी वस्ती कालभैरवाचे मंदिर आणि छिपा कारागिरांची कापडावरील छपाई यांमुळे सर्वदूर परिचित आहे. याच भैरवगढमध्ये उज्जैनचे मध्यवर्ती कारागृह आहे; न्यायालये मात्र शहराच्या दुसऱ्या भागात. न्यायाधीन बंद्याच्या कोठडीची मुदत वाढवावयाची झाली की त्यास पोलीस बंदोबस्तात न्यायालयापुढे उभे करावयाचे, अशीच पद्धत पूर्वी देशभर होती. २००८ च्या दुरुस्ती अधिनियमाने फौजदारी प्रक्रिया संहितेत दृक्‌श्राव्य जोडणीची तरतूद झाली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्येही ती कायम आहे. पोलीस कोठडीसाठी आरोपीस प्रत्यक्ष हजर करणे आवश्यकच आहे; न्यायालयीन कोठडीची मुदत मात्र त्यास पडद्यावर हजर करूनही वाढविता येते.

ही सोय जितकी मोठी, तितकीच ती एका लहानशा वस्तूवर अवलंबून आहे. ऐन तारखेच्या वेळी पडदा काळा पडला, तर न्यायाधीश, वकील, बंदी आणि बाहेर ताटकळणारे त्याचे नातेवाईक या सर्वांचाच खोळंबा होतो. जी गोष्ट कारागृहाची, तीच तहसील कचेरीची, शाळेची आणि ग्रामपंचायतीची. कित्येक किलोमीटरची केबल शाबूत असूनही शेवटच्या हातभर अंतरात काम अडू शकते. तो हातभर भाग म्हणजे स्विच अथवा राउटरमधील दूरजोडणीचे मॉड्यूल आणि त्यात खोवलेली केबल होय. हे मॉड्यूल काय करते, ते कसे बसवितात आणि त्याची निगा कोणी व कशी राखावयाची, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आतले जाळे व बाहेरचे जाळे

कचेरीतील संगणक, छपाईयंत्र, कॅमेरा इत्यादी उपकरणे ज्या पेटीस जोडलेली असतात, तिला स्विच म्हणतात. एका इमारतीपुरते असे जे जाळे तयार होते, ते स्थानिक जाळे. यातील तांब्याच्या केबलची एक सलग लांबी १०० मीटरपर्यंतच चालते. त्यापलीकडे, तालुक्यास वा जिल्ह्यास निरोप धाडावयाचा, तर निराळी व्यवस्था लागते. शेजारच्या आळीत निरोप द्यावयाचा असल्यास मुलास पळविले तरी भागते. परगावचे पत्र मात्र पाकिटात घालून, वर पत्ता लिहून टपालपेटीत टाकावे लागते. कोणत्या वाटेने निरोप जावा हे राउटर ठरवितो आणि त्या वाटेवर चालेल असे रूप त्यास मॉड्यूल देते. कित्येक स्विचमध्ये राउटरचे कामही अंतर्भूत असते. अशा पेटीत रिकाम्या खाचा ठेवलेल्या असतात व बाहेरची वाट ज्या प्रकारची असेल त्या प्रकारचे मॉड्यूल त्यांत बसविण्यात येते.

दोन मेगाबिटपासून प्रकाशतंतूपर्यंत

मार्च २००५ मध्ये केंद्र शासनाने राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेस मंजुरी दिली. ३,३३४ कोटी रुपयांच्या या योजनेत राज्याचे मुख्यालय, जिल्हा आणि गट यांना किमान २ मेगाबिट क्षमतेच्या वाहिनीने जोडावयाचे होते. २ मेगाबिट हा आकडा दूरध्वनीच्या गणितातून आला आहे. माणसाचा आवाज दर सेकंदास ८,००० वेळा मोजावयाचा आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहावयाचे, म्हणजे एका संभाषणास सेकंदाला ६४,००० बिट लागतात. असे ३२ कप्पे एकापाठोपाठ एक लावले की २०,४८,००० बिट, अर्थात सुमारे २ मेगाबिट होतात. या प्रकारच्या वाहिनीत कप्प्यांची वेळ चुकून चालत नाही. दोन्ही टोकांची मॉड्यूले आपापल्या घड्याळाप्रमाणे चालू लागली, तर दिवा हिरवा असूनही मजकुरात चुका येत राहतात. म्हणून वेळ एकाने द्यावी व दुसऱ्याने पाळावी, असे आधीच ठरवून घ्यावे लागते.

पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, नेण्याच्या प्रकल्पास मंजुरी मिळाली. तोच आज ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने हाती घेण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमास १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात गट व ग्रामपंचायत या दोन्ही स्तरांवर राउटर बसवून त्यांना कड्याच्या आकारात जोडावयाचे आहे. कड्यात प्रत्येक गावास दोन वाटा मिळतात. एका बाजूस केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहते. यासाठी प्रत्येक पेटीत दोन दिशांची दोन मॉड्यूले लागतात. मात्र दोन्ही दिशांच्या केबल एकाच चरातून आणल्या, तर कुदळीच्या एकाच घावाने दोन्ही तुटतील आणि कड्याचा हेतूच विफल होईल. काम चालू असतानाच ग्रामपंचायतीने याकडे लक्ष पुरविणे इष्ट होय.

मॉड्यूल बसविताना

मॉड्यूल बसविण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे; तथापि ते कसे व्हावयास हवे हे संबंधितांस ठाऊक असल्यास कामावर देखरेख ठेवता येते.

प्रथम, पेटीसोबतची पुस्तिका पाहून मॉड्यूल त्या पेटीस चालते किंवा नाही याची खात्री करावी. बोटाएवढी लहान प्रकाश-मॉड्यूले पेटी चालू असतानाही घालता-काढता येतात. मोठ्या कार्डांपैकी काहींसाठी मात्र वीज बंद करणे आवश्यक असते. याबाबत पुस्तिका सांगेल तेच प्रमाण मानावे.

दुसरे, अंगावरील स्थिर विद्युत. कोरड्या हवेत लोकरी कपडा काढताना जी चटचट ऐकू येते, तीच विद्युत मॉड्यूलमधील नाजूक भाग निकामी करू शकते व त्याची खूणही बाहेर दिसत नाही. यास्तव तंत्रज्ञाने मनगटास अर्थिंगचा पट्टा बांधावा आणि कार्ड कडेने धरावे. त्याच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.

तिसरे, मॉड्यूल खाचेत सरळ सरकवावे. ते अडल्यास जोर न लावता बाहेर काढून दिशा तपासावी. नीट बसले की बारीकसा ‘टक्’ आवाज होतो. कार्डास स्क्रू असल्यास ते दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत. वापरात नसलेल्या खाचेवरील झाकणपट्टी काढून ठेवू नये. ती नसल्यास धूळ व किडे आत शिरतात, पंख्याची हवा भलत्या वाटेने जाते आणि पेटी तापते.

केबल जोडताना

प्रकाशतंतूचा काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दूर अंतराच्या तंतूत प्रकाश वाहून नेणारा गाभा तर सुमारे ९ मायक्रॉनचाच, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कितीतरी बारीक. धुळीचा एक कण त्याची वाट अडवू शकतो. म्हणून टोपण जोडणीच्या क्षणीच काढावे, केबलचे टोक त्यासाठीच्या स्वच्छकाने पुसावे आणि मगच ते मॉड्यूलमध्ये खोवावे. सदऱ्याच्या टोकाने पुसणे वा तोंडाने फुंकर मारणे या दोन्ही सवयी घातक आहेत.

दोन धाग्यांच्या जोडणीत एका टोकाचा पाठविणारा धागा दुसऱ्या टोकाच्या घेणाऱ्या छिद्रात गेला पाहिजे. दिवा न लागल्यास प्रथम ही अदलाबदल तपासावी. एकाच धाग्यावर चालणारी मॉड्यूलेही असतात. ती जोडीने येतात व दोन टोकांस दोन निरनिराळी लागतात. निळ्या टोपणाची टोके सपाट घासलेली, तर हिरव्या टोपणाची ८ अंशांनी तिरपी घासलेली असतात. निळे टोक हिरव्यास जोडू नये. तसे केल्यास प्रकाश वाया जातो व टोकांस इजा पोहोचते.

केबलचे वेटोळे करावयाचे असल्यास ते पेल्याच्या घेरापेक्षा लहान करू नये आणि केबल खिळ्यावर दुमडून टांगू नये. तंतूच्या टोकाकडे डोळा लावून प्रकाश येतो का हे कधीही पाहू नये. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण त्याने दृष्टीस अपाय होऊ शकतो. मुलांच्या ठायी कुतूहल स्वाभाविक असल्याने शाळांनी याची विशेष दक्षता घ्यावी. ते कुतूहल भागविण्यास एक निर्धोक प्रयोग आहे. पाण्याने भरलेल्या पारदर्शक बाटलीस खाली भोक पाडून अंधाऱ्या खोलीत मागून बॅटरीचा झोत टाकावा. वळून पडणाऱ्या धारेबरोबर प्रकाशही वळताना दिसतो. काचेच्या धाग्यात प्रकाश असाच आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो.

प्रकाशाचा हिशेब

वाटेत प्रकाश किती घटतो हे डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा, १० डेसिबल म्हणजे दशांश. समजा, दोन गावांत १० किलोमीटर अंतर आहे. दर किलोमीटरला ०.३५ याप्रमाणे ३.५ डेसिबल, पाच सांध्यांचे प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.५ आणि दोन टोकांचे प्रत्येकी ०.५ प्रमाणे १, अशी एकूण घट ५ डेसिबल झाली. १० किलोमीटर पल्ल्याचे सर्वसाधारण मॉड्यूल सुमारे १० डेसिबल घट सोसते. म्हणजे निम्मी शिल्लक उरली. पुढे केबल तुटून नवे सांधे पडतात, यंत्र जुने होते, त्यासाठी ही गंगाजळी होय. मळलेले टोक किंवा दुमडलेली केबल नेमकी हीच शिल्लक खाऊन टाकते.

याउलट अति प्रकाशही बाधक ठरतो. ८० किलोमीटर पल्ल्याचे मॉड्यूल हाकेच्या अंतरावर लावले, तर समोरच्या घेणाऱ्याचे डोळे दिपतात व प्रसंगी ते कायमचे बिघडते. तेथे प्रकाश मंद करणारा जोड मध्ये घालावा लागतो. अधिक पल्ल्याचे ते अधिक चांगले, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

वीज व अर्थिंग

काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. तथापि केबलच्या संरक्षणासाठी धातूचे आवरण असल्यास आकाशातील वीज त्यातून आत येऊ शकते. म्हणून ते आवरण इमारतीत शिरतानाच अर्थिंगला जोडावे. पेटी ठेवावयाचे कपाटही अर्थिंगला जोडलेले असावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात वेळोवेळी पाणी घालावे. या साध्या कामास तंत्रज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. बॅटरीच्या जोडणीवर पंखा, दिवा वा मोबाइलचा चार्जर लावण्याचा मोह टाळावा.

चिठ्ठी आणि नोंदवही

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस चिठ्ठी असावी : ही केबल कोठून आली, कोणत्या खाचेत आहे, पलीकडचे टोक कोठे आहे. कपाटाजवळ नोंदवही ठेवून तीत मॉड्यूलचा प्रकार व क्रमांक, बसविल्याची तारीख आणि त्या दिवशी मिळालेला प्रकाश लिहून ठेवावा. पुढे बिघाड झाल्यास आजचे माप त्या मापाशी ताडून पाहता येते व दोष आपल्या खोलीत आहे की वाटेत, हे लवकर उमगते. हिरवा दिवा लागला म्हणजे काम संपले असे नव्हे. पलीकडच्या टोकास संदेश जाऊन उत्तर परत येते हे पाहिल्यावाचून तंत्रज्ञाच्या कागदावर सही करू नये.

जोडणी बंद पडल्यास पुढील क्रम ठेवावा : वीज आहे काय, पेटीवरील दिवे लागले आहेत काय, केबल सैल वा दुमडलेली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय, गावात कोठे खोदकाम झाले आहे काय. एवढे पाहून मगच तक्रार नोंदवावी व पाहिलेले सारे सांगावे. खोदकामापूर्वी सूचना देण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू करण्यात आले आहे. रस्ते, नळ व गटारे यांची कामे करणाऱ्या कंत्राटदारांना त्याचा वापर करण्यास ग्रामपंचायतींनी अवश्य सांगावे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, शाळेतील पाठ, दवाखान्यातील सल्ला किंवा बंद्याची न्यायालयापुढील हजेरी, यांपैकी काहीही या बारीक धाग्यातून येत असेल, तर त्याची काळजी हे केवळ दूरसंचार खात्याचे काम राहत नाही. केबल गावापर्यंत आणणे हे शासनाचे कर्तव्य आहे. कपाटाची किल्ली मात्र गावाकडे असते. ज्याच्याकडे ती किल्ली सोपविली आहे त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक कपाटावर ठळक लिहून लावावा आणि महिन्यातून एकदा त्याने कपाट उघडून धूळ, दिवे, चिठ्ठ्या व अर्थिंग पाहून नोंदवहीत सही करावी. या कामास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही.