तक्रार न्यायची कुणाकडे?

दिल्लीच्या 'एम्स'मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी भेदभाव होतो का, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २००६ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष होते सुखदेव थोरात: मूळचे अमरावती जिल्ह्याचे, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे प्रमुख. मे २००७ मध्ये अहवाल आला. शिक्षक पुरेसा आधार देत नाहीत, तोंडी परीक्षेत आडून आडून जात विचारली जाते, छळाला कंटाळलेली मुलं खोल्या बदलून वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटतात, असं सगळं त्यात होतं. संस्थेच्या प्रशासनाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. पण त्या दिवसापासून 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायचा हक्क कुठल्याच विद्यापीठाला उरला नाही, असं मी मानतो.

नियम व्हायला २०१२ उजाडलं. आयोगाचे ते समता नियम आजही वाचण्यासारखे आहेत. वर्गात जात पुकारणं, एखाद्याला 'कोट्यातला' म्हणून हिणवणं, कमी गुणांचा संबंध जातीशी जोडणं, मेसमध्ये वेगळं बसवणं हे सारं त्यात भेदभाव म्हणून नोंदवलं आहे. लिहिणाऱ्यांना वर्ग आणि वसतिगृह आतून ठाऊक होतं. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा होता. उणीव एकच, पण मुळावर येणारी: हा अधिकारी त्याच संस्थेतला प्राध्यापक. ज्या विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच सहकाऱ्याच्या दारात विद्यार्थ्याने उभं राहायचं. आणि संस्थेने नियम धाब्यावर बसवले तर तिला काय शिक्षा, याबद्दल नियमांत काहीच नाही.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्यासह पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढलं होतं, त्याची शिष्यवृत्ती कित्येक महिने अडकली होती. देशभर मोर्चे निघाले. त्यानंतर वर्षानुवर्षं चर्चा रंगली ती मात्र त्याच्या जातीच्या दाखल्यावर. शिष्यवृत्ती का अडली, हा प्रश्न मागे पडला. याची चीड मला आजही येते.

२२ मे २०१९ रोजी हे सगळं आपल्या घरात, महाराष्ट्रात आलं. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी गेली. ती जळगावची, तडवी भिल्ल समाजातली. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळतात, हे आपण आधीच रुग्णालयाच्या कानावर घातलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर अॅट्रॉसिटीसह राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. म्हणजे कायदा वीस वर्षं जुना होता आणि आयोगाचे नियमही होते. वॉर्डात त्यातलं काहीही पायलच्या कामी आलं नाही.

त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२ चे नियम प्रत्यक्षात राबवा, एवढीच त्यांची मुख्य मागणी. दरम्यान फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा मुलगा गेला. संस्थेच्या चौकशी समितीला जातिभेदाचा पुरावा मिळाला नाही. तरी त्याच वर्षी संस्थेने विद्यार्थ्यांना सूचना काढल्या, त्यांत एकमेकांना जेईईची रँक विचारू नका, असंही होतं. रँक विचारणं हा जात विचारण्याचाच मार्ग आहे, हे वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आयोगाला विचारलं, किती संस्थांनी समान संधी कक्ष स्थापन केले? नियम होऊन बारा वर्षं उलटल्यावर हा प्रश्न विचारावा लागला, यातच सारं आलं. पुढे मसुदा आला आणि १३ जानेवारी २०२६ रोजी नवे नियम अधिसूचित झाले. संस्थेवर कारवाईची तरतूद त्यांत होती. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी त्यांना विरोध केला, आणि २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने नियमांची भाषा संदिग्ध असल्याचं म्हणत त्यांना स्थगिती दिली. स्थगिती असेपर्यंत २०१२ चेच नियम चालतील, असा आदेश झाला.

तेव्हा तुमचं मूल ज्या महाविद्यालयात शिकतं, तिथे भेदभावविरोधी अधिकारी कोण आहे, हे उद्याच कार्यालयात जाऊन विचारा. नाव सांगता आलं नाही, तर प्राचार्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.