समुपदेशकाच्या घरीही माणसे राहतात

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाला मन मोकळे करायला निवांतपणा मिळतो तो रात्री नऊनंतर, घरचे जेवणखाण उरकल्यावर. नेमकी तीच माझ्या मुलीची झोपायची वेळ.

मी समुपदेशनाचे काम करते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि समोरासमोरच्या भेटी मोबाईलवर आल्या. साथ ओसरली, तरी ही पद्धत टिकली. येणाऱ्याची रजा आणि रिक्षाभाडे वाचते, शेजाऱ्यांच्या नजराही चुकतात. सोय मोठीच आहे.

पण ऐकणाऱ्याच्या घराचे काय? पूर्वी सिडकोतल्या घरी पोहोचेपर्यंत वाटेतच मन जरा हलके होई. आता फोन ठेवला की समोर पोळपाट-लाटणे. ऐकलेले गुप्त ठेवायचे, त्यामुळे यजमानांनाही काही सांगता येत नाही.

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये नोकरी व घर यांच्यातील ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागणुकीची. पहिल्या दोन चटकन ध्यानात येतात. तिसरी मला मुलीने दाखवली. मैत्रिणीशी भांडण झाले म्हणून ती रडत आली. मी सवयीने विचारले, ‘‘तुला काय वाटतं?’’ ती चिडून म्हणाली, ‘‘आई, फोनवरच्यासारखं नको ना बोलूस! मला जवळ घे.’’

त्या दिवसापासून काही नियम केले. शेवटची भेट रात्री साडेआठला संपते. दोन भेटींत पंधरा मिनिटांची विश्रांती. कामाचा फोन वेगळा, तो नंतर बंद. काम संपल्यावर गल्लीत एक फेरी. आठवड्यातून दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक यजमानांकडे. आणि मनावर ओझे राहिलेच, तर नाव-गाव न सांगता ज्येष्ठ समुपदेशकांशी बोलणे.

वाचकहो, तुम्ही अशी मदत घेत असाल, तर ठरलेली वेळ पाळा. रात्री-अपरात्री पाठवलेल्या निरोपाला उत्तर आले नाही, तर आपल्याला टाळले असे समजू नका. मन फारच खचले असेल, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते. तिथे पाळीपाळीने माणसे बसतात. एकाच घरातल्या एकाच आईवर तो भार पडत नाही.